एकच ई-मेल कार्यालयात आणि गावांतही कसा पोहोचेल?

पानशेत, वरसगाव आणि गुंजवणी ही धरणे राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यात आहेत. समजा, विसर्गाची सूचना कार्यालयातील कर्मचारी आणि खासगी ई-मेल वापरणारे सरपंच यांना एकाच वेळी द्यायची आहे. त्यासाठी ग्रुपचा एकच पत्ता पुरतो. मात्र दोन सेटिंग तपासावी लागतात.

सदस्य कोण? : गूगल वर्कस्पेसमध्ये ॲडमिनने बाहेरील सदस्यांना परवानगी द्यावी लागते. मायक्रोसॉफ्ट ३६५च्या वितरण यादीसाठी बाहेरचा पत्ता आधी ‘कॉन्टॅक्ट’ म्हणून नोंदवावा.

पाठवणार कोण? : हा अधिकार ठरावीक अधिकाऱ्यांपुरताच ठेवावा. नाहीतर एखादी अफवाही त्याच पत्त्यावरून सर्वांपर्यंत जाईल.

पावसाळ्याआधी ग्रुपवर चाचणी मेल पाठवावा. तो स्पॅममध्ये तर गेला नाही ना, हे सरपंचांना विचारून घ्यावे.