चव्हाणांच्या दोन खुर्च्या

21 नोव्हेंबर 1962 ला यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्री म्हणून शपथ घेतली, आणि त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला धावला, हे आपण इतक्यांदा ऐकलंय की त्या धावण्याचा खर्च कोणी उचलला हे विचारायचंच राहून गेलं.

मराठवाड्यातलं आमचं मंठा तेव्हा परभणी जिल्ह्यात, सीमेपासून शेकडो कोस लांब. बिल मात्र इथवर आलं. जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण लागू झालं आणि 14 कॅरेटहून शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. ऐन लग्नसराईत डोरलं घडवायचं कशाचं? 14 कॅरेटचं सोनं आपल्याकडे कोणी सोनं मानतच नव्हतं. सोनारांच्या भट्ट्या थंडावल्या. देशभरात काहींनी जीव दिला. पाठोपाठ मोरारजी देसाईंच्या अर्थसंकल्पात सक्तीची बचत आली, तीत शेतसारा भरणारेही ओढले गेले. नवे अर्थमंत्री कृष्णम्माचारी यांनी शेतकऱ्यांना त्याच वर्षी त्यातून सोडवलं.

पण त्या पैशाचं झालं काय? चव्हाणांनी नुसती रक्कम मागितली नाही. 1964 ते 69 चा सुमारे 5,000 कोटींचा आराखडा मांडला: सव्वाआठ लाखांचं सैन्य, डोंगरी लढाईच्या डिव्हिजन, 45 स्क्वॉड्रनचं हवाई दल, देशी दारूगोळा. आधी गरज ठरली, मग पैसा. वरणगाव, भंडाऱ्याचे कारखाने त्याच काळातले. मिग विमानांचा नाशिकजवळच्या ओझरचा कारखानाही तेव्हाचाच. चव्हाण 1963 मध्ये नाशिकहूनच लोकसभेवर बिनविरोध गेले होते. योगायोग म्हणा हवं तर. मराठवाड्यात आयुध निर्माणी आली नाही ती आजतागायत.

पुढे 1970 ते 74 तेच चव्हाण अर्थमंत्री. आता मागणारा हात देणारा झाला. बांगलादेशी निर्वासितांसाठी टपालावर पाच पैशांचा अधिभार बसला, डिसेंबर 1971 मध्ये युद्ध झालं आणि लगोलग 1972 चा दुष्काळ पडला. मराठवाडा खडी फोडायला रस्त्यावर आला, रेशनवर मिलो ही लाल ज्वारी आली. युद्धाची झळ बसलेल्या तिजोरीलाच दुष्काळाचाही खर्च उचलायचा होता.

त्यानंतर ताण आला की कात्री चालली ती नव्या सामग्रीवर आणि दारूगोळ्यावर. पगार-पेन्शन कापता येत नाही, आणि कापूही नये. 2018 मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांनी संसदीय समितीपुढे सांगितलं, की सैन्याची 68 टक्के सामग्री जुनाट आहे आणि भांडवली तरतूद आधी केलेल्या करारांचे हप्ते भागवायलाही पुरत नाही. 2025-26 मध्ये संरक्षणाला 6.81 लाख कोटी मिळाले; त्यात नव्या खरेदीसह भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटी, पेन्शनला 1.61 लाख कोटी.

येत्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प वाचाल तेव्हा वरचा मोठा आकडा सोडा. भांडवली खर्च आणि पेन्शन या दोन ओळी शेजारी ठेवून पाहा.