ख्रिस्तवासी : एका शब्दाचा मागोवा

निधनवार्तांची कात्रणे जमवणे हा छंद ऐकणाऱ्याला अशुभ वाटतो. घरातही त्याबद्दल बोलून झाले आहे. पण मराठी माणूस मृत्यूबद्दल काय मानतो, हे ग्रंथांपेक्षा त्या चार ओळींत अधिक स्पष्ट दिसते. गेलेला माणूस कैलासवासी होतो, वैकुंठवासी होतो, देवाज्ञा होते, कोणी पंचतत्त्वात विलीन होतो. मुसलमान गृहस्थ असतील तर ‘पैगंबरवासी’ छापले जाते. आणि ख्रिस्ती कुटुंबाच्या जाहिरातीत ‘ख्रिस्तवासी’ हा शब्द येतो. कैलास आणि वैकुंठ ही ठिकाणे आहेत, तिथे वास करता येतो. ख्रिस्त ही व्यक्ती आहे. व्यक्तीत वास कसा करायचा? हा शब्द ‘कैलासवासी’च्या साच्यातून निघाला हे उघड आहे. (‘पैगंबरवासी’ही त्याच साच्यातला, पण इस्लामच्या विचारात तो बसतो का, हा वेगळा विषय.) तरी अनुकरणातून आलेला हा शब्द ख्रिस्ती आशेच्या नेमक्या गाभ्यावर कसा जाऊन बसला, ते सांगण्यासाठी हा लेख.

मी ख्रिस्ती नाही आणि धर्मशास्त्राचे रीतसर शिक्षणही माझे झालेले नाही. नोकरी सांभाळून जे वाचता आले ते वाचले, दफनभूमी हिंडलो, लोकांना विचारत राहिलो.

सुरुवात ‘स्वर्ग’ या शब्दापासून करायला हवी, कारण अडचण तिथेच आहे. आपल्या परंपरेत स्वर्ग हे काही शेवटचे ठिकाण नव्हे. पुण्य असेतो तिथे राहायचे, ते संपले की पुन्हा मर्त्यलोकी यायचे, हे गीतेच्या नवव्या अध्यायातच आले आहे. थोडक्यात, स्वर्ग ही भाड्याची जागा. ख्रिस्ती धर्मोपदेशकाला मात्र जिथून परतणे नाही अशी जागा सांगायची होती, आणि तीही स्वतःच्या पुण्यावर मिळणारी नव्हे, कृपेने मिळणारी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडातला जेझुइट 1579 साली गोव्यात आला आणि आयुष्याची उरलेली चाळीस वर्षे तिकडेच, बहुतांशी सासष्टीत, राहिला. त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राशोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथात त्याने ख्रिस्ताच्या पित्याच्या घरासाठी चक्क ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. याचे आजही अनेकांना आश्चर्य वाटते. मला ती निवड फार समजूतदार वाटते. गोव्याच्या नवख्रिस्ती ब्राह्मणाच्या कानाला ‘न परतण्याची जागा’ आणि ‘ज्याच्यावर प्रेम केले त्याच्या सहवासाची जागा’ असे दोन्ही अर्थ एकदम देणारा दुसरा शब्द कोणता होता? पुढे एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, तेव्हा ‘वैकुंठ’ मागे पडला आणि ‘स्वर्ग’ रूढ झाला. पंडिता रमाबाई तर हिंदू कल्पनांचा वास असलेल्या शब्दांबाबत फार काटेकोर होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी स्वतःचे स्वतंत्र भाषांतर केले, त्यामागचे ते एक मोठे कारण.

शब्द बदलला तरी गोंधळ उरलाच. ‘मेल्यावर आत्मा शरीर टाकून स्वर्गात जातो’ हे ख्रिस्ती श्रद्धेचे सार आहे, असे बहुतेक अख्रिस्ती वाचकांना वाटते. अनेक ख्रिस्ती माणसेही तेच सांगतात. नव्या करारात मात्र भर वेगळ्या गोष्टीवर आहे. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा पंधरावा अध्याय शेतकऱ्याला लगेच कळेल असा आहे. पेरलेला दाणा मातीत मरतो, उगवते ते वेगळ्याच रूपाचे असते, पण असते त्याच दाण्याचे. आशा आहे ती देहासकट पुन्हा उठण्याची. देहापासून सुटका असा विचार तिथे नाही. प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात तर माणसे वर जात नाहीत. देवाची नगरीच खाली उतरते आणि देव माणसांत राहायला येतो, त्यांचे डोळे पुसतो. मेलेल्यांसाठी पौल ‘झोपी गेलेले’ हा शब्द वापरतो. इंग्रजीतला ‘सिमेटरी’ हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला त्याचा अर्थही झोपण्याची जागा, निजघर असाच. झोपलेल्याला कोणीतरी उठवणार असते, हे त्या शब्दात गृहीत आहे.

या सगळ्याने दुःखी माणसाला धीर कसा मिळतो? सिद्धांत सांगून मिळत नाही, हे योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय लिहिणाऱ्याला चांगले ठाऊक होते. भाऊ लाजर मेला, चार दिवस झाले. येशू येतो तेव्हा बहीण मार्था त्याला म्हणते की शेवटल्या दिवशी तो उठेल हे मला माहीत आहे. म्हणजे धर्मशास्त्र तिला पाठ होते, आणि त्याचा त्या घटकेला काडीइतकाही उपयोग नव्हता. येशू तिला नवी माहिती देत नाही, स्वर्गाचे वर्णनही करीत नाही. पुनरुत्थान म्हणजे मीच, असे सांगतो. शेवटल्या दिवसाच्या जागी समोर उभा असलेला माणूस येतो. आणि मग, काही मिनिटांत लाजरला उठवायचे आहे हे ठाऊक असूनही, तो रडतो. स्वर्गाची आशा असलेल्याने शोक करू नये असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग पुन्हा वाचावा. पौलही थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढेच म्हणतो. ‘ख्रिस्तवासी’ शब्दाचा अर्थ मला इथे लागला. पौलाच्या पत्रांत ‘ख्रिस्तामध्ये’ असणे हा प्रयोग जागोजागी आहे, जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठीही. फिलिप्पैकरांना लिहिताना तो मरणानंतरच्या जागेविषयी बोलत नाही. ख्रिस्ताजवळ असणे, एवढीच त्याची इच्छा.

थोरला भाऊ गेला तेव्हा या विषयाकडे मी अभ्यासक म्हणून पाहू शकलो नाही. आमच्याकडे तेरा दिवस करण्यासारखे पुष्कळ असते, आणि त्या कामांचा आधार खरा असतो. पण पुनर्जन्माच्या कल्पनेत एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. तो परत आला तरी तो मला ओळखणार नाही, मी त्याला ओळखणार नाही. माझा भाऊ म्हणून तो संपलाच. ख्रिस्ती आशेत नाव पुसले जात नाही. जी व्यक्ती गेली तीच, तिच्या ओळखीसकट, देवाने राखली आहे असा तो विश्वास आहे. मला तो पटतो की नाही, हे बाजूला ठेवू. त्याचे वजन मात्र त्या दिवसांत कळले.

रमाबाईंच्या आयुष्याकडे पाहताना हेच वजन जाणवते. 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये पती. हे सारे मृत्यू त्यांच्या धर्मांतराच्या आधीचे. उरलेली एकुलती मुलगी मनोरमा, केडगावच्या मुक्ती मिशनचा भावी आधार, जुलै 1921 मध्ये गेली. रमाबाई त्यानंतर नऊ महिनेही जगल्या नाहीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. त्या अवधीत त्या बायबलच्या भाषांतराचे काम पुरे करीत होत्या. ते त्यांच्या पश्चात, 1924 मध्ये छापून पूर्ण झाले. दुःख गिळून काम केले, असे म्हणून आपण अशा माणसांना पुतळे करून टाकतो. मला वाटते, मुलगी जिथे गेली असे त्या मानत होत्या, तिथली भाषा मराठीत आणण्याचेच ते काम होते.

मराठी ख्रिस्ती समाजातही हा दिलासा एकसारखा नाही. वसईचा कॅथलिक आणि अहमदनगरकडचा प्रॉटेस्टंट यांच्यात इथे मोठा फरक पडतो. कॅथलिक श्रद्धेत मृतांसाठी प्रार्थना करता येते, त्यांच्या नावे मिस्सा अर्पण करता येते. शुद्धी होत असलेल्या आत्म्याला जिवंतांची मदत पोचते. 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस. बहुतेक वर्षी तो दिवाळीच्या आगेमागे येतो आणि वसईच्या दफनभूमीत संध्याकाळी कबरीकबरींवर मेणबत्त्या आणि फुले असतात. एकदा पणत्यांच्या गावातून त्या मेणबत्त्यांच्या आवारात गेलो, तेव्हा उत्सव बदलला आहे असे वाटलेच नाही. प्रॉटेस्टंटांना मात्र मृतांसाठी प्रार्थना मान्य नाही. ख्रिस्ताने केले ते पुरेसे आहे, आपण काय भर घालणार, अशी त्यांची भूमिका. तर्क म्हणून ती सरळ आहे. पण हात रिकामे राहतात, आणि ही उणीव उपासनेतल्या गायनाने भरून निघते असे मला दिसले.

आता या आशेची काळी बाजू. ती टाळून दिलाशाबद्दल लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. फ्रान्सिस झेवियर, ज्याचे शव गोव्यात बॉं जेझूच्या बॅसिलिकेत आहे, त्याने जपानहून परतल्यावर 1552च्या जानेवारीत कोचीनहून युरोपातल्या आपल्या बांधवांना पत्र लिहिले. जपानमधल्या नवख्रिस्ती लोकांनी त्याला विचारले होते की आमच्या पूर्वजांचे काय? दानधर्माने, प्रार्थनेने त्यांना नरकातून सोडवता येईल का? त्याने नाही असे सांगितले, आणि ती माणसे रडली. ते पाहून मलाही दुःख होते, असे तोच लिहितो. स्वर्गाची आशा ज्या क्षणी मिळाली त्याच क्षणी तिने आईवडिलांपासून तोडले. पितृपक्ष पाळणाऱ्या आपल्या समाजात हा घाव किती खोल गेला असेल! 1895 मध्ये ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. मधली पाच वर्षे एका घराच्या दोन परलोकांत गेली. प्रत्येक धर्मांतरित घरात असे कोणी ना कोणी पलीकडे राहिलेलेच असते.

चर्चला हा प्रश्न पुढे सोडवावा लागला. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ‘लुमेन जेन्सियम’ या दस्तऐवजात मान्य केले की स्वतःचा दोष नसताना ज्यांच्यापर्यंत शुभवर्तमान पोचले नाही, पण जे सद्‌विवेकाने देवाला शोधीत जगले, त्यांनाही तारण मिळू शकते. बाप्तिस्म्याविना मेलेल्या बालकांबाबत आशा बाळगण्यास आधार आहे, असे व्हॅटिकनच्या धर्मशास्त्रीय आयोगाने 2007 मध्ये म्हटले. त्या जपान्यांना मिळालेल्या ‘नाही’नंतर ‘मिळू शकते’पर्यंत यायला चारशेहून अधिक वर्षे लागली. वसईतल्या एका वृद्ध बाईंना मी विचारले होते, 2 नोव्हेंबरला तुम्ही कोणाकोणासाठी मेणबत्ती लावता. त्यांनी नवऱ्याचे, दिराचे, एका नातवाचे नाव घेतले. मग त्या म्हणाल्या, आणि एक शेजारणीसाठी. ती आमच्यातली नव्हती, पण तिच्यासाठी लावायला तिच्या घरचे कोणी उरले नाही.