दगडाखालच्या आसरा

जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलाकडे नल्लीतला मगज काढायचा एक लांबट, अरुंद चमचा होता. मटणाच्या ताटापेक्षा तो नदीकाठीच जास्त वापरला गेला असावा. ट्राउट मासा पकडून मारला की स्क्यूज हा चमचा त्याच्या घशातून पोटात सरकवायचा, हलकेच फिरवून बाहेर काढायचा आणि वर आलेला लगदा पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडायचा. लगदा सुटा झाला की बशीत बारीक पाय, शेपट्या, अर्धवट पचलेली धडे वेगळी दिसू लागत. माशाने सकाळपासून काय खाल्ले याचा हा पंचनामा. वकिलाने केलेला असल्यामुळे तो चोख असे.

इंग्लंडमधल्या गळवाल्यांत तेव्हा एक सोवळे पाळले जाई. फ्रेडरिक हॅलफोर्ड यांच्या १८८९ च्या ग्रंथाने घालून दिलेला दंडक असा, की सभ्य माणसाने पिसांची नकली माशी पाण्यावर कोरडी तरंगत सोडावी आणि मासा ती टिपायला वर येईपर्यंत वाट पाहावी. पाण्याखाली आमिष बुडवणे म्हणजे हलकट काम. पण स्क्यूजच्या बशीत पंख असलेले किडे कमी आणि बिनपंखांचे जास्त निघत. मासा पोट भरत होता तळाशी, आणि माणसे त्याची वाट पाहत होती वर. १९१० मध्ये स्क्यूजने आपले निष्कर्ष पुस्तकात मांडले आणि या वादाला तोंड फुटले. तो इतका चिघळला, की १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर सभा भरली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होता.

त्या बशीतल्या बिनपंखी किड्यांना इंग्रजीत निंफ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचे अर्थ दोन : नवरी, आणि झऱ्यानद्यांत राहणारी देवता. मराठी माणसाला ही देवता परकी नाही. नदीच्या डोहाकाठी शेंदूर फासलेले सात दगड मांडलेले असतात, त्या साती आसरा. आसरा म्हणजे अप्सराच. खानदेशात गिरणा-तापीच्या काठी त्यांना नारळ फुटतो, हिरवा चोळखण चढतो. शेंदूर लावलेल्या या दगडांपासून चार पावले पाण्यात गेले, तर बिनशेंदराच्या दगडांखालीही आसरा राहतात. त्यांना सहा पाय असतात.

जळगाव जिल्ह्यातल्या भडगावजवळ गिरणेचे पाणी दसरा-दिवाळीच्या सुमारास निवळते. घोटाभर पाणी खळखळत वाहते अशा जागी दोन्ही हातांत मावेल एवढा काळा दगड उचलावा आणि उलटा करावा. पहिल्यांदा काहीच दिसत नाही. ओला बेसाल्ट आणि बुळबुळीत शेवाळ. दोन-चार सेकंद थांबले की दगडावरचा एक ठिपका चालू लागतो. मग दुसरा. नखाएवढाही नसलेला, चपटा किंवा सडपातळ, मागे केसासारख्या दोन-तीन शेपट्या असलेला हा जीव म्हणजे मेफ्लायचे पिल्लू. बशीतल्या पाण्यात सोडले की त्याच्या पोटाच्या दोन्ही कडांना बारीक पापुद्रे थरथरताना दिसतात. ते त्याचे कल्ले.

त्याच दगडाला कधी वाळूच्या कणांची इवलीशी नळी चिकटलेली असते. ती कॅडिस माशीच्या अळीने स्वतःच्या लाळेतल्या रेशमाने सांधलेली असते; कीटकशास्त्राच्या काटेकोर भाषेत ती निंफ नव्हे, अळी, पण माशाला हा भेद ठाऊक नाही. वाळूत गाडून घेतलेले चतुराचे पिल्लू सापडले तर त्याला जरा जपून हाताळावे. त्याचा खालचा ओठ घडी घालून चेहऱ्याखाली ठेवलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की डोळ्याचे पाते लवण्याआधी झेपावतो. श्वासाची त्याची तऱ्हा आणखी वेगळी. पाणी गुदद्वारातून आत ओढायचे, आतल्या कल्ल्यांनी प्राणवायू काढून घ्यायचा. आणि संकट आले तर तेच पाणी जोराने मागे फेकून रॉकेटसारखे पुढे सुटायचे.

मेफ्लायचे पिल्लू पाण्यात काही आठवड्यांपासून वर्षभरापर्यंत, कधी त्याहूनही जास्त काळ राहते. पंख फुटल्यावर उरतात ते काही तास, फार तर एक-दोन दिवस. प्रौढ माशीला चालते तोंडच नसते. खाणेपिणे सगळे पाण्याखाली उरकलेले. पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांतला हा एकमेव गट. थोडक्यात, ज्याला आपण माशी म्हणतो तो त्या जिवाच्या आयुष्याचा लग्नाचा दिवस, आणि निंफ म्हणजे त्याआधीचा सगळा संसार.

आता गळाकडे. भडगावच्या पुलाखाली बांबूची काठी घेऊन बसलेल्या पोराच्या गळाला गांडूळ असते, नाहीतर कणकेची गोळी. थोडे वर शिसे, त्याहून वर थर्मोकोलचा तुकडा. शिशाच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये, म्हणजे नकली माशीने मासे धरण्यात, हे गणित उलटे आहे. पिसे बांधलेल्या गळाला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून जाड, वजनदार दोरीच चाबकासारखी हवेत खेळवून फेकतात. गळ तिच्या मागे मुकाट जातो. दोरी आणि गळ यांच्यामध्ये पारदर्शक बारीक तंगूस असतो, म्हणजे माशाला दोरीचा संशय येत नाही.

नकली निंफ वापरायची तर तिला तळाशी न्यावे लागते, आणि इथे नदीचे भौतिकशास्त्र आडवे येते. वाहते पाणी एका वेगाने वाहत नाही. तळाच्या दगडांशी घासून खालचा थर मंदावतो, वरचा सुसाट असतो. कालव्याला आवर्तन सुटल्यावर पाणी मोजणाऱ्यांना हे पक्के माहीत असते. सरासरी वेग हवा असेल तर वेगमापक पृष्ठभागापासून खोलीच्या सहा दशांशावर धरतात. जाड दोरी वरच्या वेगवान थरात पडली की ती तळाच्या निंफला फरफटत नेते. खरा किडा प्रवाहात सुटला तर प्रवाहाच्याच चालीने वाहतो. फरफटणारा किडा पाहून ट्राउट तोंड फिरवतो.

फ्रँक सॉयर हा इंग्लंडमधल्या एव्हन नदीचा राखणदार. पुस्तकी शिक्षण बेताचे, पण उभे आयुष्य पाण्याकडे बघण्यात गेलेले. त्याने फेझंट पक्ष्याच्या शेपटीतले चार तंतू घेतले आणि दोऱ्याऐवजी तांब्याच्या बारीक तारेने गळावर गुंडाळले. तारेनेच वजन दिले, तारेनेच बांधणी झाली. पायच नाहीत, कारण पोहणारे पिल्लू पाय अंगाशी घेते हे त्याने पाहिले होते. ही निंफ माशासमोर आली की तो काठीचे टोक हळूच वर उचलायचा; तळाचा किडा पंख फुटायला वर निघाला असे वाटून मासा झडप घालायचा. १९५८ मध्ये त्याचे पुस्तक आले. ही निंफ आजही जगभर बांधली जाते.

पुढे १९८० च्या दशकात पोलंड आणि तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या फ्लाय फिशिंग स्पर्धकांनी फरफटीची ही गाठ अशी सोडवली, की जाड दोरी पाण्यात टाकायचीच नाही. जड निंफा काठीच्या टोकाखाली, जवळच सोडायच्या, आणि हात प्रवाहाबरोबर न्यायचा. पाणी कापतो फक्त बारीक तंगूस, म्हणून फरफट कमी. तंगूसाचा एक तुकडा भडक रंगाचा ठेवतात. तो थबकला की काठी उचलायची. निंफेच्या डोक्याशी टंगस्टनचा मणी असतो, शिशापेक्षा कितीतरी जड. पुलाखालच्या पोराचा थर्मोकोल आणि हा रंगीत तंगूस यांचे काम एकच.

मासा हे सगळे पाहतो तरी कसे? पाण्यातून वर बघताना त्याला आकाश एका गोल झरोक्यातून दिसते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे या झरोक्याचा कोन सुमारे ९७ अंश भरतो. मासा १ मीटर खोल असेल तर पृष्ठभागावरचे ते वर्तुळ सव्वादोन मीटर रुंद. त्याबाहेर पृष्ठभाग आरशासारखा असतो आणि त्यात नदीचा तळच उलटा दिसतो. पाण्याखाली वाहत येणारी निंफ माशाला थेट दिसते, वर आरशात तिचे प्रतिबिंबही. तरंगणारी माशी मात्र झरोक्यात शिरेपर्यंत नीट कळत नाही.

गिरणेत ट्राउट नाही आणि कधी होणारही नाही. ब्राउन ट्राउटला पाणी २० अंशांखाली लागते. २५ अंशांच्या आसपास तो फार काळ तग धरत नाही. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात हवाच ४४-४५ अंशांवर जाते. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमपेक्षा थोडा जास्त प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि उष्ण पाण्यात माशाची भूक नि धाप दोन्ही वाढलेली. मिळकत घटली, खर्च वाढला. भारतातल्या थंड डोंगरांतही तो सहज रुजला नाही : फ्रान्सिस डे यांनी १८६३ मध्ये निलगिरीत ट्राउट आणण्याचा प्रयत्न केला तो फसला. काश्मीरच्या थंड झऱ्यांत १९०० च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी जगली, निलगिरीच्या उंच ओढ्यांत त्यानंतर काही वर्षांनी रेनबो ट्राउट रुजला.

दख्खनमध्ये आलेल्या गोऱ्या साहेबांनी ट्राउटची हौस महसीर या इथल्या नदीतल्या माशावर भागवली. कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीरला शास्त्रीय नाव दिले, त्यात इथलाच ‘खुद्री’ शब्द ठेवला. महसीरची पिल्लेही पाण्यातले किडे खातात. पुढे लोणावळ्याला टाटांच्या तलावाकाठी डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि ओगले यांनी या माशाचे कृत्रिम प्रजनन साधले; १९७८ चा त्यांचा निबंध प्रसिद्ध आहे. काम मोलाचे, पण त्याला एक कडू शेपूट आहे. लोणावळ्याची बीजे कावेरीत सोडली गेली, तिथे फोफावली, आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर मागे पडला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. मासा वाचवण्याच्या उत्साहात नदी कोणती, हे विचारायचे राहून गेले.

गळावरची निंफ बांधायला जगभर जे सामान लागते त्यात मोरपीस मानाचे. पिसाच्या एका तंतूचे दोन-चार वेढे गळावर घेतले की किड्याचे फुगीर, चकाकते अंग तयार होते. ती हिरवी-तांबूस झळाळी रंगद्रव्याची नव्हे. तंतूच्या आत मेलॅनिनच्या सूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात; त्यांच्यातल्या अंतराप्रमाणे प्रकाशाची ठरावीक लांबीची लाट उठून परत येते. सातपुड्यातल्या राखाडी रानकोंबड्याच्या मानेची, मेणाचा थेंब पडल्यासारखी दिसणारी पिसेही एके काळी विलायतेला भरभरून जात. १९०२ मध्ये सरकारने पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली. खानदेशच्या केळीच्या बागेत सकाळी गळून पडलेले मोरपीस मुलांच्या वहीत जाते, ते बरे.

ट्राउट नसला तरी दगड उलटण्याचा गळवाल्यांचा धंदा इथे लागू पडतो. प्रदूषण ओळखायला पाण्याची बाटली प्रयोगशाळेत नेली तर त्या दिवसाचे पाणी कळते. दगडाखालचा किडा मात्र कित्येक आठवडे तिथेच होता. मधल्या एखाद्या रात्री कुणी काही सोडले असेल तर तो साक्षीला असतो, किंवा गैरहजर राहून साक्ष देतो. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या प्रसिद्ध गुणपद्धतीत पाण्यातल्या कीटकांच्या आणि इतर बारीक जिवांच्या गटांना १ ते १० गुण देतात. प्रवाहाला चिकटून राहणाऱ्या चपट्या मेफ्लायला १०, वाळूत दडणाऱ्या चतुराला ८, टाचणी या चतुराच्या सडपातळ भाऊबंदाच्या पिल्लाला ६, चिवट बेटिडी मेफ्लायला ४, चिखलातल्या रक्तासारख्या लाल डासवजा अळीला २, आणि गाळातल्या गांडूळवर्गी किड्यांना १. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानेही याच धर्तीवर जैविक निकष बसवले आहेत.

भडगावच्या गिरणेत हे करायचे तर एक अडचण येते, ती म्हणजे दगड शोधण्याची. वाळू उपसली की तिच्याबरोबर गोटे, खडी, खळखळ सगळेच जाते. उरतात खोल खड्डे आणि त्यांतले साचलेले पाणी. खळखळत्या पाण्यातल्या मेफ्लायचे कल्ले अशा पाण्यात फारसे कामी येत नाहीत. दुसरी अडचण धरणाची. उन्हाळ्यात पात्र कोरडे पडते, मग नांदगाव तालुक्यातल्या गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन सुटते, काही दिवस पाणी धावते आणि पुन्हा आटते. वर्षभर पाण्यात राहणाऱ्या निंफेला हे वेळापत्रक जमत नाही. जमते ते पँटाला जातीच्या भटक्या चतुराला : पावसाळ्याच्या डबक्यात घातलेल्या अंड्यातून महिना-दोन महिन्यांत उडून जाण्याइतका तो घाईचा आहे. पोळ्याच्या आसपास कपाशीवर घिरट्या घालणारे पिवळे चतुर बहुतेक हेच.

तरीही ज्या पट्ट्यात वाहते पाणी आणि गोटे शिल्लक आहेत तिथे एक पांढरी ताटली आणि जुना रंगाचा ब्रश घेऊन जावे. दगड उचलताना खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेला, चहाची मोठी गाळणी धरावी, नाहीतर निम्मे किडे वाहून जातात. ब्रशने दगड ताटलीत झाडावा आणि पाच मिनिटे नुसते बघत बसावे. किती प्रकार, ते लिहून काढावे. प्रत्येकाची संख्या मोजत बसायची गरज नाही. मग ताटली नदीत रिकामी करावी आणि दगड होता त्याच जागी, त्याच बाजूने ठेवावा. त्याच्या खालच्या अंगाला खसखशीच्या दाण्यांसारखी एक पट्टी चिकटलेली दिसली, तर ती अंडी आहेत.