दाबाच्या उसळीनंतर धुलाईयंत्र

घरगुती वीजपुरवठ्याचा दाब २३० व्होल्ट असला, तरी वादळात रोहित्राजवळची न्यूट्रलची तार तुटली म्हणजे तीन फेजांचा समतोल ढळून, ज्या फेजवर भार अल्प त्या फेजवरील घरांत तो ४०० व्होल्टच्या आसपास चढू शकतो. आणि अशा प्रसंगी धुलाईयंत्राची मोटर बहुधा शाबूत राहून बळी जातो तो सर्किटबोर्डाचा. त्या बोर्डाच्या मुखाशीच फ्यूज व व्हॅरिस्टर नावाची चकती तैनात असते: दाब मर्यादेबाहेर गेला की चकती वाहक बनते, फ्यूज उडतो आणि नशीब बरे असेल तर नुकसान तेवढ्यावरच थांबते. शॉर्ट झालेली चकती तशीच ठेवल्यास नवा फ्यूजही तत्काळ उडतो. ती काढून टाकून यंत्र चालते करून देण्याचा काही कारागिरांचा शिरस्ता मात्र, यंत्राला निःशस्त्र करणारा म्हणून, सर्वस्वी त्याज्य होय. पुष्कळ बोर्डांवर ओलाव्याच्या निवारणार्थ रेझिन ओतलेले असल्यामुळे सुटे भाग बदलणे दुष्कर ठरून सबंध बोर्डच विकत घ्यावा लागतो, आणि हमीपत्राच्या शर्तींत ही हानी बहुधा वगळलेलीच असते. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो, हे हौशी दुरुस्तीकाराने आधी ध्यानी घ्यावे.