तारांना पीळ कशासाठी?

इथरनेट केबलचा वाया गेलेला एखादा हातभर तुकडा मिळवा आणि त्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण सोला. (सुटाच तुकडा हवा, भिंतीतल्या वायरिंगला हात लावू नका!) आत आठ तारा दिसतील. नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी या चार, आणि प्रत्येकीभोवती पिळलेली तिची पांढरी जोडीदारीण. आता दहा सेंटिमीटर लांबीत प्रत्येक जोडीला किती पीळ आहेत ते मोजा. चारही आकडे सारखे येणार नाहीत. ही कारखान्याची चूक नव्हे.

बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे असले, की त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे फॅरडेने १८३१ साली दाखवून दिले. शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन सरळ तारा म्हणजे एक लांबलचक, अरुंद वेटोळेच. घरातील विजेच्या तारा, पंखे, मिक्सर यांचा उपद्रव त्यात सहज शिरतो. मात्र तारांना पीळ दिला, की या एका वेटोळ्याची अनेक छोटी वेटोळी होतात आणि प्रत्येकाची बाजू आधीच्याच्या उलट असते. मग एकात निर्माण झालेला दाब पुढच्यातील दाब खोडून काढतो. टेलिफोनच्या तारांसाठी या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ सालीच घेतले होते! इथरनेटचा जन्म १९७३ सालचा. त्यात पिळाच्या तारांचे मानक १९९० साली आले.

शेजारच्या जोड्यांचा उपद्रवही टाळायचा असतो. सर्वांचे पीळ सारखेच असते, तर दोन जोड्यांची वेटोळी एकमेकांसमोर येऊन बसली असती. म्हणून पिळांची संख्या वेगवेगळी.

घरी केबल टाकताना खरी गंमत प्लग बसवताना होते. प्रचलित क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी मध्येच फोडलेली पाहून कोणालाही वाटेल, की रंगाशेजारी रंग लावणे अधिक नीटनेटके. दोन्ही टोकांना तसेच केले, तर साध्या टेस्टरचे एक ते आठ दिवेही क्रमाने लागतात! पण संगणक तिसरी व सहावी तार ही एक जोडी मानतो. आता तिसऱ्या जागी पांढरी-हिरवी आहे आणि सहाव्या जागी निळी. दोघींचा एकमेकींशी पीळच नाही. दोन हात लांबीच्या केबलवर काम कदाचित चालूनही जाईल, पण माडीपर्यंत नेलेल्या केबलवर संदेश अडखळू लागतात, आणि दोष मात्र बिचाऱ्या संगणकाला मिळतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. येथे सुंभ शाबूत आणि पीळच गेलेला!

क्रम बरोबर असला तरी प्लगपाशी पीळ अर्ध्या इंचाहून अधिक उलगडू नये. केबल विजेच्या तारांच्या पाइपातून कधीही नेऊ नये. त्यात सर्वात मोठा धोका माणसाला आहे. विजेची तार ओलांडावीच लागली, तर काटकोनात ओलांडावी. शंभर मीटरची लांबीची मर्यादा घरात बहुधा आड येत नाही.

आणि टेस्टरचे सर्व दिवे लागूनही गाडी अडली, तर प्लग उजेडात धरा. तो पारदर्शक असतो. आतले रंग डोळ्यांनीच वाचता येतात.