बोली, पगार आणि गुणतक्ता : क्रिकेटप्रेमींचे सहा गैरसमज

बालाघाटच्या मराठी घरांत क्रिकेटची निष्ठा कधीच एका संघापुरती नसते. १९५६पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता आणि गोंदिया आजही शेजारीच आहे. त्यामुळे विदर्भ आपला, राज्य म्हणून मध्य प्रदेशही आपला, आणि भाषेमुळे मुंबईचाही ओढा. २०२२च्या रणजी अंतिम सामन्यात मध्य प्रदेशाने मुंबईला हरवलं, तेव्हा प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित. मुंबईत घडलेल्या याच माणसाने त्याआधी विदर्भाला सलग दोनदा रणजी करंडक जिंकून दिला होता. आयपीएलमध्ये मध्य प्रदेशाचा संघ नाही, म्हणून वाद रंगतात ते इंदूरच्या रजत पाटीदार आणि वेंकटेश अय्यर यांच्यावरून. या वादांत वारंवार ऐकू येणाऱ्या सहा समजुती तपासून पाहू.

गैरसमज १ : ज्याची बोली मोठी, तो खेळाडू मोठा.

वस्तुस्थिती : बोली चढायला दोन संघ अडून बसावे लागतात. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाच्या लिलावात वेंकटेशची मूळ किंमत २ कोटी होती. कोलकात्याला आपला जुना खेळाडू परत हवा होता आणि बेंगळुरू मागे हटेना. बेंगळुरू २३.५० कोटींवर थांबलं आणि कोलकात्याने त्याला २३.७५ कोटींना घेतलं. २०२५च्या हंगामात त्याच्या १४२ धावा झाल्या, कोलकात्याने त्याला सोडलं आणि डिसेंबरमध्ये बेंगळुरूने तोच खेळाडू ७ कोटींना घेतला. वर्षभरात त्याची गुणवत्ता तिपटीहून अधिक घसरली, असं कोणी म्हणणार नाही. फरक पडला तो त्या दिवशी कोणाला किती गरज होती आणि कोणाच्या थैलीत किती पैसे उरले होते, यामुळे.

गैरसमज २ : बोलीची रक्कम तीन वर्षांची मिळून असते, आणि ती सगळी खेळाडूच्या खिशात जाते.

वस्तुस्थिती : ही रक्कम एका हंगामाची असते. संघाने खेळाडूला कायम ठेवलं तर पुढच्या हंगामात पुन्हा तेवढीच मिळते, सोडलं तर तो करार तिथेच संपतो. कर अर्थातच भरावा लागतो. परदेशी खेळाडूंसाठी दोन मोठ्या लिलावांच्या मधल्या छोट्या लिलावात आणखी एक मर्यादा आहे. डिसेंबर २०२५मध्ये कॅमरून ग्रीनवर २५.२० कोटींची बोली लागली, पण त्याचा पगार १८ कोटीच. वरची रक्कम खेळाडूंच्या कल्याणासाठी भारतीय क्रिकेट मंडळाकडे जाते. शिवाय २०२५पासून प्रत्येक सामन्यामागे साडेसात लाखांचं मानधन वेगळं मिळतं. तीस लाखांच्या करारावर असलेल्या पोराला संघात जागा मिळाली, तर चार सामन्यांतच त्याची कमाई दुप्पट होते.

गैरसमज ३ : पगारावरून जमलं नाही तर लवाद निकाल देतो.

वस्तुस्थिती : ही पद्धत अमेरिकेच्या बेसबॉलमधली. तिथे साधारण तीन ते सहा वर्षं खेळलेला खेळाडू आपला आकडा सांगतो, संघ आपला सांगतो आणि सुनावणीनंतर तीन जणांचा लवाद त्यांतला एकच आकडा निवडतो. मधला आकडा काढण्याची सोय नाही, म्हणून दोन्ही बाजू अवाच्या सवा मागत नाहीत. आयपीएलमध्ये पगार ठरवणारा असा लवाद नाही. मोठ्या लिलावाआधी कायम ठेवायच्या खेळाडूशी संघ परस्पर रक्कम ठरवतो. जमलं नाही तर खेळाडू लिलावात उतरतो. तिथे पडेल तो आकडा मान्य करायचा. निवड झाल्यावर सबळ कारणाशिवाय माघार घेतली तर दोन वर्षं बंदी येते. २०२५मध्ये हॅरी ब्रूकवर ती आली.

गैरसमज ४ : खेळाडूंची संघटना भाव वाढवून घेते.

वस्तुस्थिती : २०१९मध्ये स्थापन झालेली भारतीय क्रिकेटपटू संघटना निवृत्त खेळाडूंची आहे. खेळत असलेल्या भारतीय खेळाडूंच्या वतीने पगाराची बोलणी करणारी संघटना नाही. बेसबॉलमध्ये लवादाची पद्धत १९७३च्या सामूहिक करारातून आली. तो करार करणारी खेळाडूंची भक्कम संघटना तिथे होती, हा मोठा फरक.

गैरसमज ५ : आपण जिंकलो की झालं, दुसऱ्यांच्या निकालाशी काय घेणंदेणं?

वस्तुस्थिती : २१ मे २०२२ आठवा. बेंगळुरूचे साखळी सामने संपले होते, गुण १६. दिल्लीचे १४, पण धावगती सरस. दिल्ली जिंकली असती तर बेंगळुरू बाहेर. तळाला असलेल्या मुंबईने दिल्लीला हरवलं आणि बेंगळुरूला वाट मिळाली. चारच दिवसांनी एलिमिनेटरमध्ये पाटीदारने लखनौविरुद्ध ५४ चेंडूंत नाबाद ११२ धावा ठोकल्या. लिलावात त्याला कोणी घेतलं नव्हतं. जखमी खेळाडूच्या जागी तो २० लाखांत आला होता. पुढे ११ कोटींवर कायम राहिला आणि २०२५मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली बेंगळुरूने पहिलं विजेतेपद मिळवलं. मुंबई त्या दिवशी हरली असती, तर ही खेळी झालीच नसती.

गैरसमज ६ : हरलेला संघ पुढे जाऊच शकत नाही.

वस्तुस्थिती : १८ मे २०२४ रोजी चेन्नईपुढे २१९चं लक्ष्य होतं, पण प्लेऑफसाठी २०१ धावा पुरेशा होत्या. थोडक्यात हरले असते तरी ते पात्र ठरले असते. शेवटच्या षटकात त्यासाठी १७ हव्या होत्या, सातच झाल्या. दोघांचे गुण १४, पण धावगतीवर बेंगळुरू पुढे गेलं. धावगतीत एक मेख असते. संघ बाराव्या षटकात गारद झाला तरी हिशेबात वीस षटकंच धरतात, म्हणून स्वस्तात गडगडणं दुप्पट महागात पडतं.

घरात कोणी पोर सकाळ-संध्याकाळ नेटमध्ये घाम गाळत असेल, तर त्याला कोटींच्या बोलीआधी रणजीचे दर सांगा. २०२१-२२पासून अंतिम अकरांत असलेल्याला दिवसाला ४० हजार, २० सामन्यांपुढे ५० हजार आणि ४० सामन्यांपुढे ६० हजार. राखीव खेळाडूंना निम्मे. इथे बोली नाही, लवाद नाही. सामने जेवढे जास्त तेवढा दर वरचा, आणि हा हिशेब त्याला आधीच मांडता येतो.