कुलूप ओढून पाहिलंत का?

कपाटाला कुलूप लावलं की आपण ते एकदा ओढून बघतोच, हो ना? अमेरिकेत १९९७ साली हजारो लोकांनी असंच एक कुलूप ओढून पाहिलं. बँकांचे व्यवहार गुप्त ठेवणारी ‘डेस’ ही सांकेतिक पद्धत तिथे १९७७ पासून सरकारमान्य होती. तिच्या किल्ल्या किती? ७२ वर १५ शून्यं! त्यांतली खरी एकच. कुणाला सापडणार?

आरएसए कंपनीने १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं. कोलोरॅडोच्या रॉक व्हर्सर यांनी, शेजारणी पापडाच्या लाट्या वाटून घेतात ना, तशा या किल्ल्या वाटून दिल्या. संगणक रिकामा असेल तेव्हा ज्याने त्याने आपला वाटा तपासायचा. फेब्रुवारीत घेतलेलं काम जूनमध्ये फत्ते! तेही जेमतेम पाव किल्ल्या तपासून. १९९८ मध्ये तर एका खास यंत्राने ५६ तासांत किल्ली शोधली. अखेर २००१ साली सरकारने नवी, भक्कम पद्धत स्वीकारली.

तेव्हा मैत्रिणींनो, ‘सरकारमान्य’ म्हटलं म्हणून निर्धास्त राहू नका. आणि मुलाची जन्मतारीख हाच तुमचा पासवर्ड? अहो, शंभर वर्षांत तारखा होतात अवघ्या ३६,५००! आजच बदला, आणि चांगला लांबलचक ठेवा.